कासरा कुणाच्या हाती?

रविवारी सकाळी हिंजवडी ओळखू येत नाही. ज्या शिवाजी चौकात एरवी संध्याकाळी कॅबमध्ये बसल्या बसल्या माणसाची एक झोप होते, तो चौक आम्ही दोन मिनिटांत मागे टाकला. भाचा गाडी चालवत होता. त्याची नोकरी फेज थ्रीमध्ये, गाडी नवी, आणि हल्लीच्या गाड्यांत असतं ते सगळं तिच्यात होतं. पुढच्या वाहनापासून अंतर राखणं, पट्ट्यांच्या मधोमध चालणं, वेळ आली तर आपणहून ब्रेक लावणं. "मामा, हे बघा," असं म्हणून त्यानं स्टिअरिंगवरची पकड सैल केली. गाडी सरळ रेषेत चालत राहिली. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू!

माणच्या बाजूला मेट्रोच्या कामासाठी रस्ता वळवला होता. पत्र्याचे बॅरिकेड उभे होते आणि त्यांच्या कडेनं तात्पुरती वाट काढली होती. जुन्या रस्त्याचे पांढरे पट्टे मात्र कुणी पुसले नव्हते, ते थेट बॅरिकेडखाली शिरत होते. भाच्यानं स्टिअरिंग वळवलं आणि स्टिअरिंगनं त्याला उलट्या दिशेला ओढलं. गाडीच्या कॅमेऱ्याला पट्टे दिसत होते, पत्रा त्याच्या हिशेबात नव्हता. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडणारा माणूस डुलकी घेत असणार, त्याला परत जागेवर आणायचं, हे त्या यंत्रणेला शिकवलेलं होतं. एखाद्या सेकंदाची रस्सीखेच झाली. भाचा जिंकला, कारण त्याचे हात स्टिअरिंगवर होते. पुढचा किलोमीटरभर आम्ही दोघंही गप्प होतो.

घरी आल्यावर मला 'स्टार ट्रेक'चा एक जुना भाग आठवला. 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतला, १९९० सालचा, 'ब्रदर्स' नावाचा. एंटरप्राइज या अवकाशनौकेवर डेटा नावाचा अँड्रॉइड अधिकारी आहे. हुशार, आज्ञाधारक, कप्तान पिकार्डच्या खास विश्वासातला. एके दिवशी तो नियंत्रणकक्षातली हवा बिघडल्याचा बनाव करतो, सगळ्यांना बाहेर काढतो, कप्तानाचा आवाज हुबेहूब काढून जहाजाच्या संगणकाला आज्ञा देतो आणि लांबलचक सांकेतिक कुलूप लावून टाकतो. कप्तान आपल्याच जहाजात उपरा होतो. तो ओरडतो, हुकूम सोडतो, पण जहाजाच्या लेखी हुकूम देणारा कप्तान आत बसलेला आहे.

भागाचा खरा गाभा पुढे कळतो. डेटानं बंड केलेलं नव्हतं. त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञानं फार पूर्वी त्याच्या आत एक आज्ञा पुरून ठेवली होती, दूरवरून तिला हाक येताच ती जागी झाली, आणि त्या अवधीत आपण काय करतोय हे डेटालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे ज्यानं जहाज घेतलं त्याच्याही हातात जहाज नव्हतं. जहाज चालवत होता तो एक जुना निर्णय, आणि तो घेणारा माणूस त्या वेळी जहाजावर हजरही नव्हता.

यंत्रांनी माणसाच्या हातून सूत्रं काढून घेतल्याच्या ज्या खऱ्या घटना मी गेल्या काही वर्षांत वाचल्या, त्या प्रत्येकीत मला हाच सांगाडा दिसला. यंत्र कुठेही चिडलेलं नाही, फिरलेलं नाही. कुठल्या तरी कचेरीत, एखाद्या साध्याशा मंगळवारी दुपारी, कुणीतरी ठरवलं होतं की अमुक झालं तर माणसाचं ऐकायचं नाही. हिंजवडीबद्दल लिहिताना हे सांगायलाच हवं, कारण असे निर्णय लिहिले जातात त्या जगातल्या जागांपैकी ही एक आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क म्हटलं की लोकांना बँका आणि विम्याची सॉफ्टवेअरं आठवतात. पण टाटा टेक्नॉलॉजीजचं मुख्यालय इथलंच, आणि किर्तने-पंडित या सनदी लेखापालांच्या पेढीतून १९९० मध्ये जन्मलेली, २०१९ पासून केवळ वाहनांच्या सॉफ्टवेअरला वाहून घेतलेली केपीआयटी हीदेखील इथलीच. जगभरच्या गाड्यांच्या पोटात जे संगणक बसतात, त्यांच्यासाठी लिहिलेला कोड या भातखाचरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतून जातो.

भातखाचरांवरून आठवलं. मुळशी भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, स्वयंचलित वाहन त्याला नवीन नाही. बाजार करून रात्री परतताना गाडीवान बैलगाडीत सरळ ताणून द्यायचा. कासरा हाताला गुंडाळलेला असायचा आणि बैल वाट न चुकता गोठ्यासमोर येऊन थांबायचे. हा सगळा व्यवहार एका गोष्टीवर चालायचा. ओढ्याला पूर आला, वाट खचली, समोर जनावर आलं, तर बैल थांबत. त्यांचाही जीव त्याच गाडीला जुंपलेला होता. शिवाय कासऱ्याला हिसका दिला की तो मधे कुणालाही न विचारता बैलाच्या वेसणीपर्यंत पोचायचा.

आजच्या वाहनात कासरा आणि बैल यांच्यामध्ये संगणक बसलेला आहे. हे विमानांत सर्वांत आधी घडलं, म्हणून आधी तिकडे जाऊ.

७ ऑक्टोबर २००८. क्वांटास कंपनीचं एअरबस ए-३३० विमान सिंगापूरहून पर्थला निघालं होतं. आत ३०३ प्रवासी आणि १२ कर्मचारी. कप्तान केव्हिन सुलिव्हान, एके काळचे अमेरिकी नौदलातले लढाऊ वैमानिक. विमान ३७ हजार फुटांवर, हवा स्वच्छ. काहीही सूचना न देता विमानानं नाक खाली केलं आणि ते सुटलं. पट्टे न बांधलेली माणसं छतावर आदळली. कप्तानानं बाजूची दांडी मागे ओढली. सुरुवातीला विमानानं दादच दिली नाही.

झालं होतं ते असं. विमानाचं नाक हवेच्या प्रवाहाशी किती कोन करतंय हे मोजणारी माहिती तीन वेगवेगळ्या उपकरण-संचांतून संगणकाकडे येते. त्यांतला एक संच बिघडला आणि मधूनच खोटे, अवाच्या सवा आकडे पाठवू लागला. पन्नास अंशांच्या आसपासचा कोन. इतका कोन खरा असता तर विमान दगडासारखं कोसळलं असतं. खोटे आकडे येऊ शकतात हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी त्यावर इलाजही केला होता. असा अचानक उसळलेला आकडा दिसला की संगणक आधीचा चांगला आकडा धरून ठेवी आणि १.२ सेकंद थांबे. इलाज चांगला होता. फक्त एक फट राहिली होती. बरोबर १.२ सेकंदांनी दुसरा खोटा आकडा आला, तर तो खरा मानला जाई. त्या दुपारी तसे दोन आकडे आले. संगणकाला वाटलं, विमान कोसळतंय, नाक खाली दाबून वेग वाढवायला हवा. विमान वाचवण्यासाठी लिहिलेली आज्ञा जागी झाली आणि तिनं माणसं छतावर फेकली.

विमान पहिल्या वेळी सुमारे ६५० फूट खाली गेलं. काही मिनिटांतच पुन्हा तसंच घडलं, या वेळी सुमारे ४०० फूट. ११० हून अधिक माणसं जखमी झाली. सुलिव्हान यांनी जवळच्या लिअरमंथच्या धावपट्टीवर विमान उतरवलं आणि सगळे जिवंत राहिले. तिसऱ्यांदा तसंच होईल का, जमिनीपासून दोनशे फुटांवर असताना होईल का, याचं उत्तर त्या पन्नास मिनिटांत कुणाकडेच नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेचा अंतिम अहवाल २०११ मध्ये आला. फट सापडली आणि बुजवली गेली. तो उपकरण-संच मुळात का बिघडला, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

हिंजवडीत टेस्टिंगचं काम करणाऱ्या कुणालाही हे वाचून पोटात गोळा येईल. त्यानं आयुष्यभर तेच केलेलं असतं. एक खोटा आकडा पाठवून बघायचा, सॉफ्टवेअर तरलं की खूण करायची. दोन खोटे आकडे, मधे बरोबर १.२ सेकंदांचं अंतर, ही टेस्ट केस कुणाला सुचणार? आणि सुचली तरी रिलीजची तारीख तोंडावर असताना तिला वेळ कोण देणार?

दुसरी घटना अधिक कडू आहे, कारण तिथे फट नकळत राहिलेली नव्हती. बोइंगनं ७३७ मॅक्स बनवताना मोठी इंजिनं बसवली, त्यामुळे काही परिस्थितीत विमानाचं नाक वर उचललं जाऊ लागलं. त्यावर उपाय म्हणून एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर घातलं. नाक जास्त वर गेल्याचं कळलं की ते शेपटीचा आडवा पंख हलवून नाक खाली आणणार. कोन मोजणारे सेन्सर विमानावर दोन होते, पण एमकॅस एका वेळी एकाचंच ऐकत असे. आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखच नव्हता.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी जाकार्ताहून निघालेल्या लायन एअरच्या विमानाचा कप्तान दिल्लीचा भव्य सुनेजा होता. वय ३१. सेन्सर चुकीचा कोन दाखवत होता. एमकॅस नाक खाली दाबी, सुनेजा बटणानं वर आणी, काही सेकंदांनी एमकॅस पुन्हा दाबी. वीसहून अधिक वेळा ही ओढाताण झाली. आपण कुणाशी झुंजतोय हेच त्याला माहीत नव्हतं. विमान समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. मन विषण्ण करणारी गोष्ट अशी की आदल्याच दिवशी त्याच विमानात हाच बिघाड झाला होता. तेव्हा कॉकपिटमध्ये ड्युटीवर नसलेला तिसरा वैमानिक बसलेला होता. त्या पंखाची विद्युत मोटर बंद करण्याचे खटके त्यानं सुचवले आणि विमान सुखरूप पोचलं. कासरा तिथेच होता, हाताच्या अंतरावर. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी तेच खटके वापरलेही. पण तोवर विमानाचा वेग इतका वाढला होता की पंख हातानं फिरवण्याचं चाक हलेना. १५७ माणसं गेली. त्यानंतर जगभर हे विमान जमिनीवर आलं, भारतातही.

खटका आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. तो कुणाला माहीत आहे आणि तो वापरायला किती सेकंद उरतात, हे विचारलं पाहिजे.

आता खऱ्याखुऱ्या अवकाशनौकेकडे येऊ, कारण तीही घटना घडलेली आहे. २९ जुलै २०२१. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे कमांडर जपानचे अकिहिको होशिदे होते, एकूण सात माणसं वर होती. रशियाचा नाउका हा नवा कक्ष त्या दिवशी स्थानकाला जोडला गेला. सुमारे तीन तासांनी नाउकाची छोटी इंजिनं आपोआप सुरू झाली. सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या बिघाडानं दूर सरकण्याची आज्ञा अमलात आली, असं रशियानं नंतर सांगितलं. म्हणजे जोडला गेलेला कक्ष स्थानकाला ढकलत सुटायचा प्रयत्न करू लागला, आणि चारशे टनांहून जड असलेलं स्थानक फिरायला लागलं. स्थानकाच्या दुसऱ्या भागांतली इंजिनं उलट्या दिशेनं चालवून त्याला आवरायचा प्रयत्न झाला. नाउकाला थेट आज्ञा द्यायची तर स्थानक रशियातल्या केंद्रांच्या टप्प्यात येणं भाग होतं. आधी ४५ अंशांचा कल झाल्याची बातमी आली, मागाहून हिशेब लागला तो ५४० अंशांचा. दीड गिरकी. पाऊण तासानंतर स्थानक ताब्यात आलं. कमांडर होता, मॉस्को आणि ह्यूस्टनची नियंत्रणकेंद्रं होती, आणि तरीही इतका वेळ जहाज कुणाच्याच हाती नव्हतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग संगणक काढून टाका आणि माणसाला चालवू द्या. हे उत्तर मला पटत नाही. भाच्याच्या गाडीतला आपोआप लागणारा ब्रेक उद्या एखाद्या शाळकरी पोराचा जीव वाचवेल, आणि माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. माणसं थकतात, मोबाइल बघतात, पिऊन गाडी चालवतात. रुळांवर तर यंत्र माणसाइतकंच भरवशाचं झालेलं आहे. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाड्या धावतात. तिथे म्हैस आडवी येत नाही, हे खरं.

खरी मेख हातात घेणं आणि हातात देणं यांच्या मधल्या क्षणात आहे. १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक छोटासा शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की सोपं सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे उरतं ते फक्त अवघड काम, तेही अचानक समोर येणारं. आणि रोजचा सराव गेल्यामुळे नेमकं तेच करण्याची त्याची क्षमता झिजत जाते. चाळीस वर्षं उलटली, कुणी हे खोडून काढू शकलेलं नाही.

रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात १ जून २००९ ला हेच घडलं. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साठलं, आकडे जुळेनात, आणि ऑटोपायलटनं प्रामाणिकपणे हात वर केले. रात्रीची वेळ, अटलांटिकवरची वादळी हवा, कप्तान विश्रांतीला गेलेला. कनिष्ठ वैमानिकानं नाक वर ओढलं आणि ओढतच राहिला. विमान हवेत तरंगण्याइतका वेगच उरला नाही. धोक्याची घंटा वाजत होती, पण वेग फारच कमी झाला की संगणकाला तो आकडा खोटा वाटे आणि घंटा बंद पडे. नाक जरा खाली केलं, म्हणजे योग्य गोष्ट केली, की आकडा पुन्हा 'खरा' होई आणि घंटा पुन्हा वाजू लागे. घाबरलेल्या माणसाला यातून काय उमजणार? साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात गेलं, २२८ जणांसह. इथे यंत्रानं सूत्रं हिसकावली नव्हती, परत दिली होती. पण ती अशा रीतीनं दिली की घेणाऱ्याला घेता आली नाहीत.

परत देणं चांगल्या रीतीनं कसं करता येतं, याचा दाखलाही आपल्यासमोर आहे. २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरताना अपोलो ११ च्या संगणकावर कामाचा ताण आला आणि १२०२ क्रमांकाचा इशारा झळकू लागला. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या चमूनं लिहिलेलं सॉफ्टवेअर अशा वेळी कमी महत्त्वाची कामं टाकून देई आणि यान उतरवण्याचं काम धरून ठेवी. ते काय टाकतंय आणि काय धरून ठेवतंय, हे जमिनीवरच्या माणसांना आधीच ठाऊक होतं. उतरण्याची जागा दगडधोंड्यांनी भरलेली दिसली तेव्हा आर्मस्ट्राँगनं यान आपल्या हाती घेतलं. पण 'हाती घेतलं' म्हणजे काय? त्याची दांडी संगणकालाच सांगत होती की इकडे चल, आणि उतरण्याचा वेग संगणक सांभाळत होता. माणूस ठरवणार कुठे जायचं, यंत्र सांभाळणार तोल. दोघांची कामं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे दोघांनाही माहीत. आमच्या गाडीवानाची आणि बैलांचीही वाटणी अशीच होती.

२६ जून २०२५ ला आपला शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकावर पोचला तेव्हा तो ड्रॅगन यानाचा वैमानिक होता. यान आपणहून स्थानकाला जोडलं गेलं, शुक्ला आणि कमांडर पेगी व्हिट्सन पडद्यांवर नजर ठेवून होते. काही जणांना ते ऐकून हिरमोड झाल्यासारखं वाटलं, की मग वैमानिकानं केलं काय! मला वाटतं, नजर ठेवणं हेच त्याचं सर्वांत कष्टाचं काम असावं. महिनोन् महिने शिकायचं ते त्या एका क्षणासाठी, आणि तो क्षण येऊ नये अशीच इच्छा धरायची. हिंजवडीच्या रस्त्यावर गाडी घेऊन निघालेल्या माझ्या भाच्याला असलं शिक्षण कुणी दिलं? शोरूममधल्या पोऱ्यानं पंधरा मिनिटांत सनरूफ दाखवलं, गाणी जोडून दिली आणि पेढे घेऊन तो मोकळा झाला.

आणि काही बिघडलं तर दोष कुणाचा? १८ मार्च २०१८ ला अमेरिकेत टेंपी गावी उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीनं सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. गाडीच्या यंत्रणेनं तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच टिपलं होतं. पण ही वस्तू वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याचा निर्णय ती सारखा बदलत राहिली. त्या व्होल्वो गाडीचा स्वतःचा आपोआप लागणारा ब्रेक, दोन यंत्रणांचा गोंधळ नको म्हणून, चाचणीत बंद ठेवलेला होता. चालकाच्या जागी बसलेली कर्मचारी मोबाइल बघत होती. खटला तिच्यावर झाला आणि २०२३ मध्ये तिनं गुन्हा कबूल केला. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. तिची चूक होतीच. पण ब्रेक बंद ठेवण्याचा निर्णय ज्या टेबलावर झाला, ते टेबल न्यायालयात कधी आलंच नाही, हे मला अजून खटकतं.

जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीची इथे आठवण येते. त्यांनी आपल्या यंत्रमानवाचं नाव वामन ठेवलं, यात मोठं मर्म आहे. पुराणातल्या वामनानं बळीवर चाल केली नव्हती. तीन पावलं जमीन मागितली आणि बळीनं ती राजीखुशीनं दिली. पुण्यात आयुका उभी करणारे नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. स्टिअरिंगवरचे हात आपणहून सैल करणाऱ्या पिढीनं ती कादंबरी पुन्हा उघडायला हवी.

हे सगळं वाऱ्यावर सोडलेलं आहे असं मात्र नाही. वाहनांच्या सॉफ्टवेअरसाठी आयएसओ २६२६२ हे मानक २०११ पासून आहे. हिंजवडीतल्या कितीतरी मुलामुलींचा दिवस 'एसिल-बी की एसिल-डी' या जोखमीच्या श्रेणींच्या वादात जातो, तो याच मानकातला. बिघाडाची जोखीम ठरवताना ते तीन प्रश्न विचारतं: इजा किती गंभीर, असा प्रसंग किती वारंवार, आणि साधारण चालकाला त्या वेळी गाडी सावरता येईल का. तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत मोलाचा, आणि त्याचंच उत्तर सगळ्यांत सैल हातानं लिहिलं जातं. 'साधारण चालक' कोण? जर्मनीतल्या महामार्गावरचा, की पावसात, वाहून गेलेल्या पट्ट्यांवरून, समोरून उलट्या दिशेनं येणारी दुचाकी चुकवत वाकडच्या पुलाकडे निघालेला? संयुक्त राष्ट्रांच्या स्टिअरिंगविषयक नियमात एक आकडा आहे. यंत्रणा गाडी वळवत असताना तिच्यावर मात करायला चालकाला ५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. म्हणजे साधारण पाच किलोच्या पिशवीएवढा. गाडी पूर्णपणे यंत्राकडे असण्यासाठीचा दुसरा नियम सांगतो की चालकाला 'घ्या आता' अशी हाक दिल्यावर किमान दहा सेकंद वाट पाहावी, आणि त्यानं घेतली नाही तर गाडी सुरक्षितपणे थांबवण्याच्या मागे लागावं. पाच किलो आणि दहा सेकंद. गाडीवानाच्या कासऱ्याचं हे आजचं माप आहे.

भारतातल्या वाहनांची मानकं ठरवणाऱ्या समितीचं सचिवालय पुण्यातच, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे आहे. कोड लिहिणारे हिंजवडीत, तपासणारे कोथरूडला, आणि गाडी चालवणारे आपण या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर. इतक्या जवळ असलेल्यांनी आपल्या रस्त्यांवरचा चालक डोळ्यांसमोर ठेवून ही मापं ठरवावीत, आणि यंत्रणा बंद करण्याचं बटण पडद्यावरच्या चौथ्या पानात न दडवता हाताखाली द्यावं, एवढी मागणी मोठी नाही.

ज्यांच्या घरी अशी नवी गाडी आली आहे, त्यांना माझी विनंती आहे. एखाद्या रविवारी मोकळ्या मैदानात जा. ती पट्टे धरणारी यंत्रणा कुठल्या बटणानं बंद होते ते बघा. गाडी बंद करून परत सुरू केली की ती आपोआप पुन्हा चालू होते का, तेही बघा. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका बहुतेक घरांत अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असते. ती बाहेर काढा, त्यातलं हे प्रकरण घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावा, आणि मगच एक्स्प्रेसवेला लागा.